सपाट रस्ता आणि समोरून येणारा हार्म

...आणि वर मलाच विचारतात, त्रास कसला? सपाट रस्ता, गाडी नाही घोडा नाही, त्रास कसला? अहो, सपाट आहे हाच तर त्रास आहे! तुम्हाला सांगतो, डोंगरातल्या लोकांचं बरं असतं. नको असलेला माणूस समोरून आला की घेतलं वळण, गेले टेकडीमागे, मिटलं. आमच्या जर्मनीतल्या पूर्व फ्रीसलंडमध्ये टेकडी आणायची कुठून? आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे समुद्राचा बांध, त्याच्या खालोखाल गाय. आणि गाय बसली, की मग कोणीच नाही!

मुळात सायकलची हौस मला नव्हतीच. मी टामो, जन्मभर दुधाचा टँकर चालवला, निवृत्त झालो आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर चहा प्यायला बसलो. चहा म्हणजे आमचा चहा, कपात खडीसाखर, वर साय, आणि तीन कप झाल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. माझ्या घरी यजमान मीच, मग अपमान कसा करणार? तर आमची बायको, वीबके, एक दिवस म्हणते, "टामो, तू आता बाकाच्या आकाराचा व्हायला लागलास. सायकल घे. सपाट रस्ता, गाडी नाही घोडा नाही, त्रास कसला?" डॉक्टरकडे गेलो, तर तोही तेच! शब्दन् शब्द तेच! मला तर वाटतं हिने आधी फोन केला होता.

बरं, सायकल म्हणजे आपली साधी सायकल? नाही! दुकानातला दाढीवाला म्हणाला, "काका, ग्रॅव्हल बाईक घ्या. खडी असो, माती असो, शेतातली वाट असो, कुठेही घाला." मी म्हटलं, मडगार्ड कुठंय? "हिला नसतं." स्टँड? "हिला नसतो." कॅरियर? "छे छे!" मग हिला आहे तरी काय? तर म्हणे, "हलकेपणा!" आणि वर एक चड्डी दिली, आतून उशी शिवलेली. ती घालून मी घरात आलो, तर वीबके खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलत होते. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर एवढी कधी रडली नव्हती म्हणून जवळ गेलो, तर हसत होती!

असो. निघालो रविवारी सकाळी. गाव संपलं, डांबर संपलं, खडीची वाट लागली. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर, पलीकडे गवत, गवतात गाई, गाईंच्या मागे पवनचक्क्या, आणि वाट अशी सरळ, अशी सरळ, की हँडल म्हणून दिलंय ते नुसतं धरायला दिलंय. आणि वारा! चढ नाही, चढ नाही म्हणतात, अहो चढ परवडला, चढ निदान संपतो! हा वारा समुद्रावरून निघतो तो थेट माझ्या तोंडावर येतो, मधे कोणी विचारणारंच नाही. मी पाय मारतोय, मारतोय, शेजारी एक गाय चरत चाललीय आणि ती माझ्या पुढे चाललीय...

आणि तेवढ्यात समोर, लांब, अगदी आभाळ जिथे टेकतं तिथे, एक ठिपका दिसला.

मी म्हटलं, खांब असेल. पण खांब मोठा होत नाही. म्हटलं, बगळा असेल. पण बगळा पिवळी टोपी घालत नाही. आणि मग मला ते गुडघे दिसले. बेडकासारखे बाहेर फेकलेले गुडघे! अख्ख्या जिल्ह्यात सायकल चालवताना असे गुडघे फेकणारा माणूस एकच. हार्म!

आता हार्म कोण, ते सांगतो. शाळेत एका बाकावरचा, लग्नात माझ्या शेजारी उभा राहिलेला, माझा जिवाभावाचा मित्र... आणि सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. कारण? गोळा! हिवाळ्यात आम्ही गावकरी रस्त्यावर गोळा फेकण्याचा खेळ खेळतो, ज्याचा गोळा लांब तो जिंकला. त्या वर्षी शेजारच्या गावाशी अंतिम सामना, शेवटची फेक माझी, मी धावत आलो, गोळा सोडला, तो असा गेला, असा गेला, थेट पुढच्या पुलापर्यंत! लोक नाचायला लागले. आणि रेषेवर पंच म्हणून कोण उभा? हार्म! त्याने हात वर केला आणि म्हणाला, "पाय बाहेर." एवढंच. पाय बाहेर! स्वतःच्या मित्राचा पाय! सामना गेला, ढाल गेली, आणि आमचं बोलणं गेलं. गाव केवढंसं, घरं मोजकी! बेकरीत तो आला की मी पावाकडे बघायचो, मी गेलो की तो छताकडे. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, ते मला कुठे कळलं माहितीये? बेकरीच्या रांगेत! शाळेपासूनचा मित्र, आणि मला पाव घेताना कळावं? त्या दिवशी पाव न घेताच घरी आलो मी.

तर हा हार्म समोरून येतोय, आणि करायचं काय? डावीकडे चर, उजवीकडे चर. परत फिरावं म्हणून मागे बघतो, तर मेंढपाळाने बांधावरचा अख्खा कळप खाली वाटेवर सोडलेला! मागे मेंढ्या, पुढे हार्म! आणि तो एकदम येऊन धडकला असता तरी चाललं असतं हो, पण नाही! सपाट रस्ता! तो दिसतोय, दिसतोय, दिसतच राहतोय! घरी चहाचे तीन कप झाले असते एवढा वेळ तो येतच होता! त्याच्या पाठीला वारा, तरी हळू! म्हणजे त्यालाही मी दिसलोय आणि तोही मुद्दाम हळू येतोय! मी गाईकडे बघितलं. गाय बघून संपली. आभाळाकडे बघितलं. ते तर काय, आमच्याकडे भरपूर असतं, पण किती बघणार?

शेवटी मला युक्ती सुचली. सायकल उलटी केली, मागच्या चाकाशी बसलो आणि असं तोंड केलं, की जगात आता मी आणि हे चाक, दुसरं कोणी नाही. म्हटलं, जाईल निघून.

खडी करकरली. थांबली.

"मोइन," हार्म म्हणाला.

"मोइन," मी म्हणालो.

आमच्याकडे सकाळ असो, रात्र असो, लग्न असो, मयत असो, एवढंच म्हणतात. दोनदा म्हटलं तर माणूस बडबड्या ठरतो.

"पंक्चर?"

आता काय सांगू? नाही म्हणू? मग हा विचारणार, उलटी कशाला केलीस? म्हटलं, "हं."

आणि तो बाबा उतरला हो! पिवळी टोपी हँडलला अडकवली, माझं चाक काढलं, टायर काढला, ट्यूब फुगवली आणि गुडघ्यावर बसून चरात बुडवायला लागला. बुडबुडे शोधतोय! एक वेढा झाला, बुडबुडा नाही. दुसरा झाला, बुडबुडा नाही. "विचित्र आहे," म्हणाला आणि तिसरा वेढा सुरू! छातीला टाके पडलेला माणूस, माझ्यासाठी पाण्यात हात घालून बसलाय, आणि ट्यूब ठणठणीत! तुम्हाला सांगतो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, त्या चड्डीतसुद्धा नाही!

मग तो हात पुसायला वळला आणि मी... माझ्या जाकिटाला आमच्या गोळाफेक मंडळाचा बिल्ला असतो, त्याची पिन काढली आणि खुपसली ट्यूबमध्ये. फुस्स्स!

हार्मने ट्यूब उचलली. भोकाकडे बघितलं. बिल्ल्याकडे बघितलं.

"हे मघाशी नव्हतं."

"मघाशी वारा होता."

"आत्ताही आहे."

मी बिल्ला परत जाकिटाला लावला. मेंढ्यासुद्धा गप्प!

"ठिगळ आहे तुझ्याकडे?" मी विचारलं.

"नाही. हिल्के म्हणाली, सपाट रस्ता, गाडी नाही घोडा नाही, लागतंय कशाला?"

त्याच्याही बायकोचं तेच! मला हसू आलं, मी दाबलं, त्याला आलं, त्याने दाबलं, आणि मग दोघांचंही सुटलं. असे हसलो, असे हसलो, की तो एकदम छातीवर हात धरून वाकला आणि माझं हसू जागीच थिजलं.

"हार्म! अरे हार्म! काय झालं?"

"काही नाही रे. हसायची सवय गेलीय."

मग गावाकडे पायी निघालो. दोघंही. त्याची सायकल चांगली होती, पण तो बसला नाही. सकाळपासून पहिल्यांदा वारा माझ्या पाठीला, आणि मी पायी! मेंढ्यांमधून वाट काढताना मी विचारलं, "छातीचं कसंय आता?"

"चालतंय."

"मला बेकरीत कळलं."

त्याने आडवी आलेली एक मेंढी बाजूला सारली. मग म्हणाला, "मी हिल्केला रोज विचारायचो, टामो आला होता का?"

मी सायकलची घंटी वाजवली. उगाच. दोनदा.

पूल आला तसा मी म्हटलं, "हार्म, आता तरी खरं सांग. माझा पाय आत होता ना?"

"बाहेर होता."

"आत होता, लेका!"

"टाच आत. बोटं बाहेर."

तिथून गावापर्यंत भांडलो! मोठमोठ्याने, हातवारे करून, बुटाने खडीत रेघा काढून! त्याच्या दारात पोचलो, तर हिल्केने आमच्याकडे बघितलं, आत गेली आणि काहीही न विचारता टेबलावर एक कप वाढवला. तीन कप झाले. चौथाही झाला. पाय अजून बाहेरच आहे म्हणतो!

आता दर रविवारी आम्ही जोडीने जातो. लोक म्हणतात, वा, मैत्री परत जुळली! जुळली, जुळली. पण खरं सांगू? हार्म माणूस रुंद आहे. तो पुढे, मी मागे, वारा झकास अडतो. फक्त पंचाचा न्याय बघा त्याचा... म्हणतो, जाताना मी पुढे, येताना तू पुढे. आणि वारा, तुम्हाला सांगतो, नेमका येतानाच फिरतो!