देवसिंगजींचा गुडघा आणि माझे एक उत्तर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील निमंत्रित पाहुणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे शिक्षक देवसिंगजी, त्यांच्या पत्नी रुपीबाई, आणि आपल्या रायफल मंडळाच्या बंधूंनो व भगिनींनो,

चिटणीस या नात्याने चार वर्षांत मी या सभागृहात पुष्कळांचे आभार मानले. आज मात्र बोलायला उभी राहिले ती थकून. सकाळी शाळा झाली, दुपारी या खुर्च्या मांडल्या, हे त्याचे कारण नव्हे. कारण बोलता बोलता येईलच. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

चीनच्या युद्धानंतर आपले मंडळ निघाले, त्रेसष्टच्या जानेवारीत. फौजेतून परतलेले देवसिंगजी तांड्यावरून दर रविवारी सायकलने उमरखेडला यायचे. आम्ही तीन शिक्षिकांनी नाव घातले. उरल्या किती, हे तुम्हाला दिसतेच आहे. पालथे पडून नेम धरणे मला पंधरा दिवसांत जमले. उभ्याने धरणेही बरे जमले. अडले ते गुडघ्यावर बसून. उजवा गुडघा जमिनीवर, त्याच पायाच्या टाचेवर बूड, डावा पाय पुढे उभा आणि त्यावर रायफलीचा हात. सांगायला किती सोपे! प्रत्यक्षात लुगड्यावर टाच सरकायची, पायाला मुंग्या यायच्या, आणि नळी अशी डुलायची की समोरच्या निशाणापेक्षा शेजारच्या बाभळीलाच धोका अधिक.

घरी वेगळाच प्रश्न. माझे वडील बळीराम यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी अंगणात सराव करताना ते दारात उभे राहून बघत. एकदा म्हणाले, "आमी लोकाईपुढं गुडघे टेकनं सोडलं. तू कायले टेकून राह्यली?" रविवारी देवसिंगजींना सांगितले, तर ते म्हणाले, "बाबाईले सांगा, हे टेकनं नोहे, बसनं होय. टेकला मानूस खाली पाह्यते. तुमाले त समोर पाह्याचं हाये." वडिलांनी ते ऐकून घेतले. पुन्हा विचारले नाही.

आता जे सांगणार आहे ते देवसिंगजी आणि रुपीबाई सोडल्यास या सभागृहात दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि जिनिंग कारखान्यातल्या फुलचंदभाऊंना. देवसिंगजी पालथे पडून दाखवत, उभे राहून दाखवत, पण ही तिसरी बैठक शिकवताना स्टुलावर बसत आणि हातातल्या छडीने आमचे कोपर, आमची टाच सरकवत. आम्हाला वाटे, फौजी माणसाचा रुबाब असेल. दोन महिने झाले तरी मला जमेना, तेव्हा मी चिडून म्हटले, की तुम्ही एकदा स्वतः करून दाखवा, मग मला कळेल. ते उठले, रायफल घेतली, आणि बसले. काय बसले होते! नळी भिंतीत पुरल्यासारखी स्थिर. गोळी मध्यावर लागली. पण त्यांना उठता येईना. तोंड पांढरे पडले होते. मी आणि फुलचंदभाऊंनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभे केले. त्यांनी सांगितले ते असे: "बाई, माह्या घुटन्यात लोहा हाये. बसलो त उठता येत नाही. हे कोनाले सांगू नका."

मी शब्द दिला.

त्या दिवसापासून त्यांनी मला खरे शिकवले, म्हणजे जे शरीराने दाखवता येत नव्हते ते बोलून. रुपीबाईंनी पावलाखाली ठेवायला एक छोटा लोड शिवून दिला, आत लाकडाचा भुसा दाबून भरलेला. देवसिंगजी सांगत, कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका. दोन्ही गोल, घसरतील. कोपर वाटीच्या थोडे पुढे न्या. "हाडावर बसा. मांस थकते, हाड थकत नाही." मग डोळे मिटायला लावत. दोन श्वास घ्या, डोळे उघडा, नळी कुठे बघते ते पाहा. बाजूला बघत असेल तर हातांनी ओढू नका, बूडच हलवा, सारी बैठकच फिरवा. किती रविवार गेले मोजले नाहीत. एका सकाळी डोळे उघडले तर नळी होती तिथेच, निशाणावर. मला काहीच धरून ठेवावे लागले नव्हते. मला रडू आले, आणि त्यांनी ते न पाहिल्यासारखे केले.

या वर्षी जानेवारीत यवतमाळच्या वरच्या कचेरीतून छापील पत्रक आले. चिटणीसाने भरून पाठवायचे. त्यात एक प्रश्न होता: शिक्षक तिन्ही बैठका स्वतः करून दाखवतात काय? पुढे होय, नाही. मी ते पत्रक दोन दिवस टेबलावर ठेवले. मग 'नाही' लिहिले. सोबत अर्धा ताव जोडला, की त्यांनी किती जणांना कसे शिकवले. फेब्रुवारीत उत्तर आले, मार्चअखेर त्यांची नेमणूक संपते. माझ्या अर्ध्या तावाचा त्यात उल्लेख नव्हता. मी तीन शनिवार एस.टी.ने यवतमाळला गेले. दोनदा साहेब दौऱ्यावर होते, तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, की तुम्हीच तर लिहिलेत. खरे लिहिले याचे समाधान वाटायला हवे होते. ते वाटले नाही. दिलेला शब्द मोडला होता, आणि तोही ज्यांना दिला त्यांना न विचारता.

अध्यक्ष महोदय, निमंत्रणपत्रिकेवर आपण छापले आहे की देवसिंगजी स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. ती ओळ मीच लिहून दिली. ती खोटी आहे. देवसिंगजी, तुमचे काम गेले ते माझ्या उत्तराने. हे मी तुमच्या घरी येऊन सांगायला हवे होते. दोनदा तांड्याच्या वाटेपर्यंत आले आणि परतले.

क्षमा करा, देवसिंगजी काही म्हणत आहेत.

मागच्या मंडळींना ऐकू गेले नसेल, म्हणून सांगते. ते म्हणाले, "बाई, मले मालूम होतं. कचेरीच्या उत्तरासंगं तुमच्या कागदाची नक्कल मलेबी आलती. पुसलं तसं लिवलं तुमी."

म्हणजे फेब्रुवारीपासून ते जाणत होते. त्यानंतरचे सहा रविवार ते आले. दर खेपेस माझ्या रायफलीचा पट्टा त्यांनीच तपासला. एका शब्दानेही मला काही जाणवू दिले नाही.

यापुढे अधिक बोलत नाही. पाहुण्यांनी वेळ काढला, रुपीबाई इतक्या लांबून आल्या, आपण सर्वांनी शांतपणे ऐकले, यासाठी मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात जे कमीजास्त झाले असेल ते आपण उदार मनाने पोटात घालावे. आणि देवसिंगजी, तुमच्यापुरती ही विनंती रीत म्हणून केलेली नाही.