दोन बोटं वर

(जालन्यातली, माणसाचं चालणं मोजायची खोली. माप घेणारी संध्या दैवशालाच्या आईशी, नंदाबाईशी बोलते आहे. दैवशाला पडद्याआड कपडे बदलते आहे.)

संध्या : म्हणूनच विचारते, मावशी. ऑपरेशनच्या आधी दैवशालाचं माप मीच घेतलं होतं. ते आज हाताला लागलं त्याच्याशी जुळत नाही.

नंदाबाई : मशीन बिघडलं आसंल.

संध्या : मशीन बराबर आहे. ऑपरेशननं पाय बदलतो, कमरेची हाडं कशी सरकतील? जुन्या मापात कमरेचं पुढचं उजवं हाड डाव्यापेक्षा दोन बोटं वर आहे. आज हातानं चाचपलं, तर दोन्ही एका रेषेत.

नंदाबाई : मला त्यातलं काय कळतंय, ताई? लंगडत का व्हईना, पोरगी कुंभार पिंपळगावच्या बाजाराला चालत जायची. यष्टीची पायरी चढायची. आता उजवा पाय बाहेर फेकून राह्यली, भिंत धरल्याबिगर पाऊल न्हाई. येवढं कळतंय.

संध्या : पहिल्या मापाच्या दिवशी मी कमरेच्या हाडांवर मणी चिकटवले, तेव्हा तुम्ही जवळच होता ना?

नंदाबाई : व्हते की. तुमी ते चकाकते मणी लावले अन् कॉम्प्युटरकडं गेल्त्या.

संध्या : मंग?

नंदाबाई : मंग काय! वीस वर्साची पोर, सलवार पार खाली सरकवलेली, अन् उजव्या अंगाला दोन बापे कॅमेरे घेऊन उभे. तिच्या डोळ्यांत पाणी आल्तं. म्या त्या बाजूनं सलवार वर घेतली, नाडी आवळली. त्यात मणी निघून आला.

संध्या : आणि?

नंदाबाई : नाडीवर लावला की परत. चांगला दाबून. हरवला आस्ता तर तुमीच रागावल्या आस्त्या.

संध्या : अरे देवा.

नंदाबाई : काय झालं? बोला की.

संध्या : मावशी, मांडीचं हाड जिथं फिरतं तो खुबा आत, मांसात असतो. बाहेरून हात लागत नाही. कमरेच्या हाडांवरच्या मण्यांवरून कॉम्प्युटर त्याची जागा काढतो. मणी वर गेला, खुबाही वर दिसला. कंबर तिरपी दिसली, त्यामुळं पाय आत ओढलाय असं वाटलं. म्हणून डॉक्टरांनी मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू सैल केला.

नंदाबाई : अन् तो ओढलेला नव्हता?

संध्या : नव्हता.

नंदाबाई : म्हंजी माझ्या हातानं...

संध्या : तुमच्या नाही. कशासाठी आहेत हे मणी, ते मी सांगितलं नाही. परत येऊन बघितलं नाही, बाहेर रांग होती. आजच डॉक्टरांना ही चूक लिहून देते, माझ्या नावानं.

नंदाबाई : तुमच्या नावाचं मी काय करू, ताई? सैल केलेलं परत आवळता येतंय का?

संध्या : व्यायामानं थोडा जोर येईल. पहिल्यासारखं होणार नाही. खोटं कशाला सांगू?

नंदाबाई : तिला सांगू नका. तिच्या बापाला सांगा, गावाला सांगा, तिला नका. पाया पडते तुमच्या. पोरीची लाज राखाया गेल्ते वो मी.

संध्या : हळू, मावशी. मधे नुसता पडदा आहे.

दैवशाला : ताई, सलवार खाली घेतलीय. मणी लावा. आई, तू बाहेर बस.