अर्जाचा हयातीचा दाखला

विषय : एक ओळ स्वीकारण्याबाबत. संदर्भ : माझा अर्ज, माझी स्मरणपत्रं आणि त्यांचे आभार... आभारच आभार! तुम्हाला सांगतो, सगळी नोकरी कारकुनीत गेली, अर्ज परत पाठवायच्या नाना तऱ्हा पाहिल्या, पण इतकं गोड बोलून अर्ज परत पाठवणारी माणसं पाहिली नव्हती हो!

झालं काय, आमच्या हिची नजर गेली. वाचनाची दांडगी हौस, त्यात हे. पुतण्यानं कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवून दिला, पुस्तक मोठ्यानं वाचणारा. फुकट. आवाज सर्दी झाल्यासारखा, पण वाचतो. खोड एकच : बंद केला की कुठवर वाचलं ते विसरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पान एक! पुढे सरकवायचं बटण आहे की... पण ते शोधायला डोळे लागतात, आणि मी दाबलं की प्रकरणंच्या प्रकरणं उडतात! जाडजूड कादंबरी, पहिल्याच प्रकरणात घरजावई भांडून घर सोडतो, आणि गेलं वर्षभर तो आमच्याकडून रोज संध्याकाळी निघून जातोय. ही विचारते, "अहो, परत येतो का हो तो?"

तुम्ही म्हणाल, मग तूच वाचून दाखव. दाखवलं ना! दोन पानांत म्हणाली, "राहू द्या. यंत्राला सर्दी आहे, पण ते मधे मधे लेखकाच्या चुका काढत नाही."

पुतण्या म्हणाला, "काका, हा प्रोग्राम सगळ्यांचा आहे. आतला कोड उघडा असतो. तुम्हीच दुरुस्त करा आणि पाठवा, कोणीही पाठवू शकतं!" कोणीही! या शब्दाला भुललो. ज्या दारावर 'कोणीही या' लिहिलेलं असतं ना, त्याला आतून कडी असते.

शिकलो. या वयात, पुतण्याचे टोमणे खात शिकलो. दोष सापडला. थांबलेलं पान जपून ठेवायची ओळच कोणी लिहिली नव्हती! एक ओळ घातली आणि काय सांगू, जावई रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचला! ही तर टाळ्या वाजवायला लागली... तेवढ्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती आपोआप आली, माझी ओळ पुसली गेली, जावई पुन्हा उंबऱ्यात. म्हणजे ओळ त्यांच्या मूळ प्रोग्राममध्येच बसायला हवी. पाठवली. सोबत रीतसर पत्र, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' खाली सही.

तिकडे देखभाल करणारा जो कोण आहे, त्याला चेहरा नाही, नुसतं घुबडाचं चित्र. घुबड म्हणालं, "आपल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार! वर्णन एका ओळीत लिहावे." लिहिलं. "मनःपूर्वक आभार! आधी दोषाची नोंद करावी, मग दुरुस्ती पाठवावी." केली. "आभार! ओळ बरोबर दिसते, ती बरोबर असल्याची चाचणी लिहून जोडावी." अहो, एका ओळीच्या चारित्र्याला चाळीस ओळींचे साक्षीदार! तेही उभे केले. "मनःपूर्वक आभार! दरम्यान मूळ कोड बदलला आहे, आपली ओळ नव्यावर बसवून पुन्हा पाठवावी." दरम्यान म्हणजे कधी? तुम्ही आभार मानत होतात तेव्हाच ना!

आणि त्याच आठवड्यात कोणीतरी बटणाचा निळा रंग जरा कमी निळा केला. तासाभरात मंजूर! वर टाळ्यांची चित्रं! आमच्या हिला ते बटण दिसत नाही हो... ना निळं, ना कमी निळं.

पुतण्याला विचारलं, "अरे, या घुबडाला पगार किती?" म्हणे, "काका, पगार कसला? फावल्या वेळात फुकट करतात बिचारे." झालं! बोलायची सोयच संपली. पगारी माणसावर ओरडता तरी येतं, परोपकारी माणसाचं काय करायचं?

शेवटी घुबड पाघळलं. "उत्तम काम! मनःपूर्वक आभार! आता फक्त दुसऱ्या देखभालकाची मंजुरी हवी." दुसरा कोण? पुतण्यानं शोधलं, तर तो केव्हाच काम सोडून निघून गेलेला. त्याच्या जागी? कोणी नाही. नियम मात्र दोघांच्या मंजुरीचा!

आता त्यांचा एक रोबो लिहितो, "या अर्जावर महिनाभर हालचाल नाही. जिवंत असल्यास कळवावे, अन्यथा बंद करण्यात येईल. मनःपूर्वक आभार!" पेन्शनसाठी मी माझ्या हयातीचा दाखला वर्षातून एकदा देतो, या अर्जाचा दर महिन्याला! लिहितो, 'अर्ज जिवंत आहे. अर्जदारही.'

काल तोच दाखला लिहीत होतो, तर ही म्हणाली, "अहो, पुरे आता. पहिलं प्रकरण तोंडपाठ झालंय मला. पुढचं मीच मनानं रचलंय."

"मग? आला का जावई?"

"आलाय की. दारात उभा आहे. घरातले म्हणतात, आल्याबद्दल आभार, पण आणखी एकाला विचारावं लागेल."

तर आज रोजीची स्थिती : जावई दारात. अर्ज प्रलंबित.