मफलर सोडून कुठलाही

— नाही, तो सोडून. तो सोडून कुठलाही सांगा, आत्ता पट्टा लावून हातात देते. अहो, अख्खं आवार भरलंय, दत्तक मेळावा म्हणजे काय गंमत वाटली का, सकाळपासून एकेकाला आंघोळ घालून, कान पुसून, रिबिनी बांधून बसवलंय, आणि तुम्ही नेमके त्या कोपऱ्यातल्याकडे बोट दाखवताय. हा बघा ना, हा वकील. वकीलच म्हणतो आम्ही, समोर कोणीही आलं की वाद घालतो, पण मनानं अगदी लोणी. किंवा ती पांढरी, पेन्सिल, शेपटी बघा कशी टोकदार आहे. मांजर चालेल? मांजराला कष्ट नाहीत — ए, ते टेबल उन्हातून आत ओढा कोणीतरी, बिस्किटांचं क्रीम वितळतंय! — काय म्हणत होते? हां, मांजर. नको? तुमच्या मुलीला मांजर आवडत नाही? मुलांना सगळं आवडतं हो, दोन दिवसांत आवडतं. बाळा, जाळीत बोटं घालू नकोस हं, तो चावतो. हो, चावतो. आत्ता शेपटी हलवतोय ते दिसतंय मलाही, पण शेपटीचं काय, शेपटी एका टोकाला आणि दात दुसऱ्या टोकाला.

बसा ना जरा. उभे का. माझं आपलं चालूच असतं, मी बसत नाही, मला बसवत नाही. तुम्ही गेल्या रविवारीही आला होतात, मी ओळखलं तुम्हाला, गेटमधून आलात तेव्हाच ओळखलं आणि मुद्दाम त्या कुत्र्यांच्या आंघोळीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मागच्या खेपेला मीच सांगितलं होतं ना, त्याला औषध चालू आहे, पुढच्या आठवड्यात बघू? तेच. आणि तुम्ही आलातच. लोक नाही येत परत, खरं सांगते. रविवारी येतात, फोटो काढतात, गोड गोड म्हणतात, आणि सोमवारी घरमालक नाही म्हणाला असा फोन येतो. तुमचं तसंही नाही. तळमजला आहे, मागे अंगण आहे, तुमची आई दिवसभर घरी असते, आधीचा कुत्रा म्हातारा होऊन तुमच्याच मांडीवर गेला — मोठ्या बाईंनी, म्हणजे ज्यांनी ही संस्था काढली त्यांनी, सगळं विचारून घेतलंय, आणि मला म्हणाल्या, असं घर रोज मिळत नाही, मफलरला देऊन टाक. मफलर त्याचं नाव. गळ्याभोवती तो पांढरा पट्टा आहे ना, म्हणून. मी म्हटलं, हो बाई, देते. आणि इथे येऊन तुम्हाला वकील दाखवतेय.

दुसरं म्हणजे तुमची बदली. इथेच राहणार असतात तर गोष्ट वेगळी होती. पण तुम्ही निघालात पार समुद्राकाठी, रात्रभराचा प्रवास. म्हणजे गेला की गेलाच तो. — अगं ए, तो स्पीकर जरा हळू कर गं, कुत्रे बिथरतायत! — नाही, मी वैतागले नाहीये. माझा आवाजच असा आहे.

बरं, नाही चावत तो. झालं समाधान? आयुष्यात कोणाला चावलेला नाही. घर बदलताना लोक त्याला गच्चीवर कोंडून निघून गेले होते, पाण्याच्या टाकीखालच्या ओलीवर जीव धरून राहिला, आणि तरी ज्यानं दार उघडलं त्याचे हात चाटले. चावायचं असतं तर तेव्हाच चावला असता. मी खोटं बोलले. आता तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, ते बाकावर बसलेत ना, निळा स्वेटर, कानटोपी — उन्हातसुद्धा कानटोपी, काढू देत नाहीत — ते माझे सासरे. अण्णा म्हणतो आम्ही. रोज माझ्याबरोबर येतात. घरी एकटं ठेवता येत नाही, नवऱ्याच्या कामाच्या पाळ्या बदलत असतात, म्हणून मी घेऊन येते. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला त्यांना. चालतात काठी घेऊन, खातात, पितात, सगळं समजतं, पण बोलणं गेलं. गेलं म्हणजे साफ पुसलं गेलं. आणि कोणाचं? बसचे कंडक्टर होते ते, जन्मभर! दिवसभर ओरडून ओरडून गळा असा तयार झाला होता की घरात पाणी मागितलं तर शेजारी आणून देतील. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची घरी, फार गुणी मुलगी. चित्रं दाखवायची. हे काय आहे आजोबा? कंगवा. म्हणा, कं-ग-वा. त्यांनी एकदा सगळी चित्रं हातानं खाली लोटली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. अपमान हो. ज्या माणसानं भरल्या बसमध्ये शंभर जणांना गप्प केलं त्याला कंगवा म्हणायला सांगायचं.

इथे आणलं तर इथेही तेच. खुर्ची दिली की खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड. मी आपली बोलत राहायची. हा वकील अण्णा, ही पेन्सिल अण्णा, आज डॉक्टर येणारेत अण्णा. उत्तर नाही. मग पावसाळा संपल्यावर आमचा तो वाचनाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलं येतात, पिंजऱ्यासमोर सतरंजीवर बसतात आणि कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवतात. हसू नका, फार उपयोग होतो. घाबरलेली जनावरं आवाजाला सरावतात, आणि जी मुलं वर्गात अडखळतात ना, ती कुत्र्यासमोर अजिबात लाजत नाहीत. कुत्रा चुका काढत नाही. तर मफलर तेव्हा नवा होता. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात असा चिकटून बसायचा, जसा भिंतीतच शिरणार. एका मुलीनं अख्खं पुस्तक वाचलं त्याच्यासमोर, हा हलला नाही. ती रडवेली होऊन उठून गेली. अण्णांची खुर्ची तिथेच बाजूला. आणि मी फिनेलची बादली घेऊन चाललेय — मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो, हे बघा — मागून आवाज आला. "पुढे." मी थांबले. "पुढे... पुढे चला." फाटका, घोगरा, पण तोच सूर हो, बसमधला! "पुढे जागा आहे." आणि तो कुत्रा — मी डोळ्यांनी पाहिलं — पोटावर सरपटत, कान पाडून, एकेक पाय टाकत पुढे आला जाळीपर्यंत. आणि अण्णा त्याच्याकडे बघून म्हणाले, "हां."

बादली माझ्या हातातून पडली. सगळं फिनेल माझ्या पायांवर, मी तशीच धावत जाऊन नवऱ्याला फोन केला, बोलले, अहो बोलले! तो बिचारा कामावरून सुटून तसाच आला, घामाघूम. त्यांच्यासमोर बसला, अण्णा, अण्णा, म्हणून. अण्णा गप्प. हूं नाही की चूं नाही. नवरा माझ्याकडे बघतोय. दुसऱ्या दिवशी घरी, तिसऱ्या दिवशी घरी — गप्प. नवरा म्हणाला, तुला वाटलं असेल गं, तू दमतेस फार. मला वाटलं असेल! म्हणजे मला वेड लागलंय. पण इथे आले की पुन्हा सुरू. फक्त त्याच्याशी, आणि फक्त कोणी जवळ नसताना. त्या मुलीला विचारलं, कंगवावालीला, तर ती म्हणाली, होतं असं, जोर करू नका, तिथे त्यांना कोणी तपासत नाही ना. म्हटलं, ठीक. नाही तपासत. कुत्र्याला घरी न्या म्हणाल, तर नवऱ्याला दमा आहे. माझ्या कपड्यांवरच्या केसांनीसुद्धा त्याला धाप लागते, मी दारातच कपडे बदलते. सगळं करून पाहिलंय हो, तुम्ही काय सुचवणार ते सगळं.

मग मी काय करते माहितीये? ती खाद्याची खोली दिसतेय ना, पत्र्याची? तिची मागची भिंत आणि मफलरच्या पिंजऱ्याची भिंत एकच. मी आत पोत्यांवर बसते आणि ऐकते. मी, जिला बसवत नाही म्हटलं ना तुम्हाला, ती मी. तिथे बसते. कधी थांब्यांची नावं सांगत असतात त्याला ओळीनं, एखादं विसरलं की पुन्हा पहिल्यापासून. कधी सासूबाईंचं. ती गेली रे, ती गेली, एवढंच. तुटक तुटक. आणि एकदा — नाही, हे जाऊ द्या. तुम्हाला काय करायचंय त्याचं.

नाही, सांगते. एकदा मला ताप होता, घसा बसला होता, त्या दिवशी मी बोललेच नाही फारसं, गपचूप पाणी भरलं आणि पोत्यावर जाऊन बसले. आणि पलीकडून ऐकू आलं, "सून." मग म्हणाले, "बडबड करते. फार." मला हसू आलं, म्हटलं, घ्या, कुत्र्याकडे तक्रार. मग म्हणाले, "आज... गप्प. भीती वाटते." — एवढंच. भीती वाटते. अहो, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते माझ्याशी काय बोललेत सांगू? चहा. टॉवेल. दार लावून घे. मोठा आवाज, पण शब्द तेवढेच. त्यांचं जेवणखाण, औषधं, आंघोळ, सगळं केलं, कर्तव्य म्हणून केलं, आणि त्यांच्या मनात माझ्यासाठी काही आहे की नाही याचा पत्ता नव्हता मला. तो मला एका कुत्र्याकडून कळला. पोत्यावर बसून. त्या दिवसानंतर मी रोज बसते तिथे. पुन्हा कधी काढलं नाही त्यांनी माझं नाव. पण काढतील. म्हणून मी — आता कळलं का तुम्हाला? लोकांना वाटतं मी सासऱ्यांसाठी थांबवून ठेवलाय त्याला. मोठ्या बाईंनाही तसंच वाटतं, म्हणून त्या इतके दिवस काही बोलल्या नाहीत. अण्णांसाठी असता तर मी अण्णांना विचारलं असतं ना? विचारलंय का मी एकदा तरी? नाही विचारलं. आणि तो बिचारा तीन बाय चारच्या जाळीत, माझ्यासाठी. धावायला आवडतं त्याला. तुमच्याकडे तर वाळू आहे, समुद्र आहे.

तुमची मुलगी कुठेय? इथे तर होती आत्ता. पिंजरा — अहो, पिंजरा उघडा आहे! कडी कोणी — थांबा, थांबा, घाबरू नका. ती बघा. बाकावर. अण्णांच्या शेजारी बसलीये. आणि मफलर दोघांच्या मध्ये, जमिनीवर. अण्णांनीच काढलेला दिसतोय, त्यांना येते ती कडी उघडायला.

श्श. जाऊ नका तिकडे. अहो, त्यांचे ओठ हलतायत. नाही, कुत्र्याकडे नाही बघत आहेत. तिच्याकडे बघून बोलतायत. तिच्याशी! माणसाशी! कान दाखवतायत त्याचा, उजवा कान, तिथे खरूज झाली होती, तेच सांगत असणार, हात लावू नको म्हणून. ती मान डोलावतेय. आता काहीतरी विचारलं तिनं. बघा, थांबलेत. शब्द शोधतायत. ती वाट बघतेय, किती शहाणी आहे हो तुमची मुलगी, मध्ये बोलत नाही, सुचवत नाही. आम्ही लगेच सुचवायचो. कंगवा का अण्णा? कंगवाच ना? — मिळाला शब्द. बोलले. हसली ती. काय बोलले असतील? एक अक्षर ऐकू येत नाहीये मला इथून.

आणि पट्टा. पट्टा देतायत तिला. डाव्या हातानं तिच्या मनगटाला गुंडाळतायत, नीट, सुटू नये म्हणून. मी काही सांगितलेलं नाही त्यांना, शपथ. आज मेळावा आहे एवढंच माहिती त्यांना. म्हणजे त्यांना — त्यांना आधीच — बरं. बरं.

नाही, मी रडत नाहीये, फिनेलनं होतं असं. हे घ्या त्याचं औषध, कानाला लावायचं, झोपताना. अंथरुणात घेऊ नका, सवय लागेल. घेणारच आहात म्हणा. पत्र्यावर पाऊस वाजला की घाबरतो, तेव्हा कोणीतरी शेजारी बोलत बसा. काहीही बोला, बाजाराचं, शाळेचं, त्याला अर्थ लागत नाही, आवाज लागतो. जा आता. सह्या मोठ्या बाईंकडे, त्या बघतील. अण्णांना दर रविवारी फोन लावतो वगैरे काही कबूल करू नका. चांगले आहात म्हणून म्हणताय, पण नका. जा हो, उन्हं वर आली, लांबचा पल्ला आहे. आणि गेटपाशी पोचलात की वळून हात हलवू नका, मुलीलाही सांगा. अण्णांना वाटेल आपणही हलवावा, आणि त्यांचा उजवा उठत नाही, आणि डाव्या हातात काठी आहे.