सुती म्हणून घेतलेलं कापड

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून परतताना जीपच्या रांगेत माझ्यामागे म्हाताऱ्या तुळजाबाई आणि त्यांची शेजारीण तेजश्री उभ्या होत्या. नातवाच्या गोधडीसाठी घेतलेल्या कापडाचा एक धागा तुळजाबाईंनी नुकताच काडीने पेटवून पाहिला होता. कापडावर ‘शुद्ध सुती’ असे निःसंकोच छापलेले होते.

“अगं बाई! राख कुठं झाली? गोळाच झाला बघ, प्लास्टिकचा!”

“मावशी, दोनशे रुपये मीटर घेतले की हो त्यानं!”

“गेल्या साली शंभराला मिळायचं, आन् तवा सुती तरी हुतं.”

“चला, परत देऊ.”

“कापून दिलेलं घेत न्हाई, पाटीच लावलीय. बारसं परवा हाय. ह्यात गुंडाळू व्हय पोराला?”

“घरातलं जुनं लुगडं लावा की.”

“समदी नायलॉनची. सुती एकच ऱ्हायलंय, पेटीतलं.”

“ते? ते तर तुम्ही सरणावर नेसायला जपलंय न्हवं?”

“तेच फाडते आज.”

“मावशी! आन् मग तुम्हाला काय नेसवायचं आम्ही?”

“हेच नेसवा की. मला काय तवा घाम येणार हाय?”