आरोहीचा नंबर

नाय नाय, पर्स कशापायी उचलता ताई, बसा की — माझी पोरगी नाय पडायची तुमच्या अंगावर, तिच्यात धड बसायची ताकद नाय. वास येतोय ना? तोंडाचा हाय तो. सकाळीच मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या, बडीशेप दिली तर चावता येईना तिला. अन् हा स्कार्फ उन्हाचा नाय बांधलेला, गाल सुजलाय, हा एवढा. तुम्ही तिच्याकडं बघू नका — बघितलं की लाजते, मग रडते, अन् रडली की काउंटरवरच्या मॅडम बघतील. नवीन हायेत त्या, म्हणून बरं. जुन्या असत्या तर मला वळखलं असतं. मी नेहमीचीच हो इथली, याच बाकड्यावर बसते. पण तवा माझ्यासंगं आरोही असते.

आरोही म्हणजे आमच्या योगिनीवहिनींची पोरगी. इथंच, गंगापूर रोडलाच राहतात. धुणंभांडी, स्वयंपाक, आरोहीला सांभाळायचं, समदं माझ्याकडं. माझी सृष्टी अन् ती बरोबरीच्याच, दोघींना पाचवं लागलंय. मी तिकडनं अंबडहून येते, सृष्टीचे पप्पा तिथं कंपनीत, कंत्राटावर — एक खाडा केला की त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा. म्हणून मीच आले. वहिनी लय चांगल्या हां, मी वाईट नाय बोलायची. आरोहीच्या दाढेवर राईएवढा काळा ठिपका दिसला तर दुसऱ्या दिवशी इथं आणली, चांदीसारखी टोपी बसवली दाढेला. डॉक्टर म्हणले, गोड बंद. झालं! वहिनींनी घरातलं समदं गोडधोड काढलं, पिशवी भरली, अन् म्हणल्या, लता, सृष्टीला ने. तवापासून चालूच हाय ते. वाढदिवसांचे केक, पाहुण्यांनी आणलेली चाकलेटं, दिवाळीचे डबे — घरात ठेवायचंच नाय, आरोहीला दिसलं की मागते ना. कोण देतं हो एवढं कामवालीच्या पोरीला? आमच्या आळीत बाया बघत राहायच्या. अन् मला सोय झाली. सकाळी मी निघाले की ही पायाला मिठी मारायची, सोडायचीच नाय. शेजारची नवसाबाई सांभाळते हिला, पण तिला दम्याचा त्रास, रडतं पोर कडेवर घेऊन कुठं फिरणार ती? मग मी एक चाकलेट घालायचे तोंडात — गप. दुपारी नवसाबाई एक घालायची — गप. अन् दाढ दुखायला लागली तवा रात्रीची कण्हायची, तर अंधारात हात घालून डब्यातलं अजून एक. चोखत चोखत झोपायची बिचारी.

काय झालं? अशा का बघता?

नाय ताई, त्यानं नाय झालं. डॉक्टर सांगत होते तवा मी होतेच की आत, आरोहीचा हात धरून. गोड देऊ नका, रात्री तर मुळीच नको — समदं ऐकलं मी, अन् आरोहीला कधी खडीसाखरसुद्धा दिली नाय. पण ते आरोहीला सांगितलं होतं. मला वाटलं, या पोरींचं नाजूक असतंय. आमच्या दातांना काय होतंय, आम्ही राखुंडीवर वाढलेली माणसं. मला वाटलं — नाय, पाण्यानं झालं असंल. आमच्याकडं बोअरचं पाणी येतं, लय जड. पाण्यानंच झालं.

दाखवलं ना, वहिनींना तोंड उघडून दाखवलं. लांबूनच बघितलं त्यांनी. म्हणल्या, अगं लता, दुधाचे दात ते, पडणारच हायेत, कशाला घाबरतेस. बरोबरच हाय की, पडणारच. — आरोहीचेपण दुधाचेच ना हो? ती टोपी बसवली ती दाढपण पडणारच ना? जाऊ द्या. सरकारी दवाखान्यात नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या, म्हणले सूज उतरली की भूल देऊन काढू, तारीख दिली. सूज उतरली, अन् तारीख यायच्या आत दुप्पट चढली. काल डोळ्याच्या खाली होती, आज डोळा झाकलाय. अंग तव्यावाणी तापलंय. दुधात कुस्करलेली भाकर ओठाला लावली तरी किंचाळते. इथं विचारलं होतं मी फोनवर, तर नवीन पेशंटला पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यापर्यंत कशी दम काढंल ही?

अन् काल वहिनी पुण्याला गेल्या, लग्नाला. जाताना म्हणल्या, लता, उद्या आरोहीचा नंबर हाय, तेवढा फोन करून रद्द कर. मी फोन हातात घेतला, अन् ठेवून दिला. नाय केला. तिची फाइल हाय इथं, पैसे वर्षाचे आधीच भरलेले. फ्रॉकपण आरोहीचाच घातलाय, वहिनींनीच दिलेला जुना, चोरलेला नाय. काउंटरवर म्हणलं, आरोही. त्या म्हणल्या, बसा.

कळणार हो डॉक्टरांना, मी काय येडी हाय का? बघितल्या बघितल्या कळणार. पण एकदा ही खुर्चीत बसली, वरचा दिवा लागला, तोंड उघडलं — की मग त्यांना दिसलंच ना? दिसल्यावर काय बाहेर काढतील? काढतील का हो ताई? बोला ना. वहिनी मला कामावरनं काढतील, काढू द्या — नाय, काढू नका म्हणावं, मी भरंन हळूहळू, पायावर डोकं ठेवंन… तुम्ही फोन का काढला? कोणाला लावताय? योगिनीवहिनींच्या वळखीच्या तर नाय ना तुम्ही? ताई? आरोहीच्या शाळेतल्या का तुम्ही?

— नाव घेतलं का? घेतलं. ऊठ. सृष्टी, ऊठ — आरोही, ऊठ गं माझी बाय, तुलाच बोलावतात. घरी शिकवलं होतं ना तुला? आले मॅडम, आले, जरा डोळा लागलाय आरोहीचा! — ताई, हात जोडते, तो फोन ठेवा, ही खुर्चीत बसेस्तोवर तरी ठेवा. — चल बाळा. मला धर. आत्ता बोलू नको, तोंड उघडूच नको. आत गेल्यावर उघड. मोठ्ठं उघड.