मी वरडत न्हाय, सांगतोय!

न्हाय, न्हाय, न्हाय! मी पावण्यास्नी हाकललं असं जो कोण म्हणतोय त्यानं हितं दूध संस्थेत येऊन माझ्या तोंडावर म्हणावं! हाकललं न्हाय, बयाबाईची पिशवी उचलून अंगणात ठेवली, एवढंच! मेव्हणी हाय माझी, हुपरीची, बायकोची थोरली भण, तिला मी हाकलीन व्हय?... ए अमरसिंह, स्पीकरला हात लावू नगंस! शेक्रेटरी असशील तू तुझ्या घरात! मंडळी, धारा काढतासा तर काढा, भाकरी खातासा तर खावा, पर कान हिकडं भोंग्याकडं द्या. मी वरडत न्हाय, सांगतोय!

आमच्या चिमणाबाईला, माझ्या बायकोला, कॅन्सर हाय. गावाला ठावं हाय, मग कुजबुजता कशाला? उद्या कोल्हापुरात तिचा डोस हाय. तर तितल्या डाक्टरीणबाई, संयोगिता म्याडम, त्यांनी गेल्या खेपंला रगताची एक नळी जादा घितली. म्हणलं, "म्याडम, हिच्या अंगात रगात ऱ्हायलंय कुठं, आन तुम्ही जादा काढतासा?" तर म्हणत्यात कशा, नाजूक आवाजात, "आकारामभाऊ, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या आजाराशी लढतात. टेन्शन आलं की अंगात एक रस सुटतो. थोडा असला तर चांगलाच, पण सारखा सुटला की पेशी मंदावतात. आणि काही पेशी तर वापरून संपलेला रस स्वतःच परत ताजा करून घेतात, असं दिसतंय. तेच तपासायचंय."

आता बोला! म्हंजे लढाय ठेवलेलं गडी, त्येच शिळं टेन्शन तव्यावर गरम करून खात्यात आन पडत्यात आडवं! म्हणलं, "मग टेन्शननंच झालं व्हय हिला?" "तसं मुळीच म्हणायचं नाही," म्हणल्या, "अजून पुरतं कळलेलं नाही. घर मात्र शांत ठेवा." आन माझ्याकडं बगून, "तुम्हीपण जरा हळू बोला." मी? मी हळूच बोलतोय की! मी वरडत न्हाय, सांगतोय!

आता घर शांत ठेवायचं तर तुम्ही ठेवू देतासा? गारगोटीचं पावणं आलं, केळी घिऊन आलं. बिस्किटाचं पुडं तर एवढं झाल्यात की म्हशीबी तोंड फिरवाय लागल्यात! आन खाटंपाशी बसून बोलत्यात काय? "आमच्या चुलतीचंबी आक्षी असंच झालतं." मग? "गेली." अरं मग ते हितं कशाला सांगतासा, हिला काय सोबत पायजे?... आन आज ही बयाबाई. चिमणाबाईचं डोस्कं मांडीवर घितलं, केस गेल्यात त्या डोस्क्यावरनं हात फिरवला आन जो गळा काढला... मला दिसायच लागलं की! सुटला रस! गडी आडवं! उचलली पिशवी...

काय रं अमरसिंह? कुणाचा फोन? माझ्या घरातनं? आण हिकडं.

हां, बोल चिमणाबाय... व्हय, मीच हाय भोंग्यावर... अगं मी वरडत न्हाय, सांग... बरं. बरं बाई... आक्का रडली की तुलाबी रडाय येतंय... आन रडलीस की झोप लागती? आज लागणार हुती?... आन मी पिशवी उचलली... मग माझ्याम्होरं रड की, मी काय मेलोय?... का न्हाय?... तू डोळं पुसलंस की मी कुणावर तरी धावून जातोय... व्हय... उद्या डोसाला जवळ कोण बसायचं?... आक्का. आन मी?... खाली, गाडीपाशी... बरं. ठेव.

...

मंडळी, ऐका. हळू सांगतोय. बयाबाई फाट्यावर हुपरीच्या यष्टीची वाट बगत असंल. हिरवं लुगडं हाय, रडून डोळं लाल झाल्यात, हातात ती पिशवी. जो कोण फाट्यावर हाय, त्यानं तिला गाडीत चढू द्यायचं न्हाय. मोटारसायकलवर बशवा आन माझ्या घरात न्हिऊन सोडा. आकाराम घरात न्हाय, संस्थेत बसलाय म्हणून सांगा, म्हंजे येईल.

बगत काय बसलाय? जावा की!